वळणाला दिलेला टेका

मोंढ्यात हळदीचा लिलाव रंगात आला होता, तेव्हा नाझनीनचा फोन आला. गलक्यात काही ऐकू येईना म्हणून मी पोत्यांच्या थप्पीआड गेलो. ती म्हणाली, "काका, अब्बा उठूनच नाही राहिले..." मी आपला नेहमीच्या सुरात, "मग हलव त्याला, आज फळी यायची हाय म्हणावं." फळी म्हणजे सागवानाची, माझ्या दुकानाच्या पाटीसाठी त्यानं मागवलेली. खलील झोपेतच गेला होता, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पोरीचा बाप गेला होता आणि तीच मला समजावत होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. हिंगोलीत फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात त्या खलीलनंच. मी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. माझ्या अडत दुकानाची पहिली पाटी त्यानं रंगवली, तेव्हा मी शिडी धरून खाली उभा होतो. डाव्या हातात एक काठी, तिचं टोक फळीवर टेकवलेलं, त्या काठीवर उजवं मनगट आणि मग ब्रश. सरळ रेघ तो नुसत्या हातानं ओढायचा, पण अक्षराचं वळण आलं की काठी यायचीच. म्हणायचा, "मधु, वळणाला टेका पायजे. बिनटेक्याचं वळण म्हंजे पिऊन घराकडं निघालेला माणूस." पुढे फ्लेक्स आला आणि काम गेलं. ते त्यानं शिव्या घालत का होईना, पचवलं. मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. ते मात्र त्याला पचलं नाही. चहाचा कप ओठापर्यंत नेताना तो आमच्याकडे पाठ करायचा. आम्हीही रस्त्याकडे बघत बसायचो... दुसरं काय करणार?

माझी पाटी उन्हानं पार विटली होती. ती आपल्याच अक्षरात पुन्हा करायची, हा एकच ध्यास त्यानं घेतला. ब्रश तर धरवत नव्हता. तरुणपणी खाकी कागदावर काढून ठेवलेली अक्षरं तेवढी शाबूत होती. नाझनीन मुलांना संगणक शिकवते. तिनं ती अक्षरं संगणकात घेतली आणि बापलेकीनं व्हिडिओ बघून बघून लाकूड कोरायचं सीएनसी मशीन जोडायला घेतलं. संगणक सांगेल तशी त्याची मोटर फिरते आणि खालच्या फळीत अक्षर कोरते. मी म्हणालो, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हात एक हलतो, त्यात हे अजून एक हलणारं आणलंस." तो हसला. म्हणाला, "तुझी पाटी करूनच मरतो बघ." मीही म्हणून गेलो, "आधी पाटी कर, मरायचं मग बघू."

आणि मशीन खरंच हलत होतं. पहिला 'क' उंदरानं कुरतडल्यासारखा निघाला. मोटर धरणारी आडवी पट्टी तिच्या वजनानं वाकायची, आणि मोटर पट्टीखाली लोंबकळत असल्यानं लाकडाला भिडली की डुलायची. खलीलनं पट्टीला मागून दुसरी जाड पट्टी जोडली. फळीखाली ठोकळे देऊन कामच वर घेतलं, म्हणजे मोटरला फार खाली उतरावं लागू नये. एका दमात खोल न कोरता थराथरानं कोरायचं ठरलं. फरक पडला, तरी अक्षराच्या कडेला लाट उरलीच. दोष खाली होता, हलक्या टेबलात. माझ्या गोदामात जुना लोखंडी वजनकाटा पडून होता. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. हळदीची पोती पेललेला तो अवजड सांगाडा हमालांनी उचलून आणला, खलीलनं त्याच्यावर मशीन बोल्टानं घट्ट बसवलं. म्हणाला, "आता ह्याला टेका भेटला."

मशीन तपासायची त्याची रीत त्याची स्वतःचीच होती. बशीत काठोकाठ चहा ओतायचा, बशी मशीनवर ठेवायची आणि मोटर चालू करायची. चहावर जितक्या लाटा, तितकं काम बाकी. काट्यावर बसवल्यानंतरही चहा थरथरतच होता. आम्ही एकेक बोल्ट पुन्हा आवळला. मोटर बंद करून पाहिली, तरी चहा थरथरतोय! मी काट्याला नावं ठेवायला लागलो. तेवढ्यात खलीलचं लक्ष खाली गेलं. त्याचा उजवा हात मशीनच्या कडेवर टेकलेला होता. त्यानं तो हळूच उचलून मांडीवर ठेवला... चहा शांत झाला.

"मशीन बराबर हाय रे," तो म्हणाला. "मीच हलून राहिलो."

मी हातातला पाना खाली ठेवला. त्यानं बशी माझ्यापुढे सरकवली, "पी, गार होऊन राहिला."

मग पाटी कोरायला घेतली. दुकानाचं नाव सुरेख उतरलं. खालची ओळ, 'हळद व भुसार अडत', तीही काचेसारखी नितळ चालली होती. शेवटचा 'त' आला, मोटर त्याच्या वळणावर वळली, आणि खलीलचा हात उठून थेट मोटरवर जाऊन टेकला. नाझनीन ओरडली, "अब्बा, हात!" त्यानं चटका बसल्यासारखा मागे घेतला, पण 'त'च्या पोटात बारीक लाट उमटली ती उमटलीच. तो ओशाळून म्हणाला, "वळण आलं ना बेटा... टेका द्याया गेलो." मग बराच वेळ तो त्या 'त'कडे बघत राहिला. पाटी पुन्हा करायची म्हणून त्यानं दुसरी फळी मागवली. ती आली, तेव्हा आम्ही त्याला मूठमाती देऊन परतत होतो.

परवा नाझनीन म्हणाली, "काका, फळी तशीच पडून हाय. मशीन आता जरा बी हलत न्हाई. एकदम साफ कोरून देते." मी मशीनच्या खोलीत गेलो. माझा काटा, त्यावर मशीन आणि मशीनवर ती बशी पालथी घातलेली. बाजूला भिंतीला लावून ठेवलेली, 'त'मध्ये लाट उमटलेली पाटी. तिला म्हणालो, "लेकरा, साफ पाटी कुणीबी करून देईल. मला ही दे."

ती पाटी आता दुकानावर लागली आहे. सकाळी शटर उघडलं की तिच्यावर हळदीची धूळ बसलेली असते. शिडीवर चढून मी ती पुसतो. गडी म्हणतो, मालक, पडाल, मी पुसतो. मी त्याला पुसू देत नाही. शेवटच्या 'त'वर बोट फिरवताना ती लाट लागते. मग मी मनगट पाटीवर टेकवतो आणि तेवढं वळण सावकाश पुसतो.