विहिरीत सोडलेली दोरी

अनंतराव मुळे कोर्टासमोर टेबल टाकून इंग्रजी टायपिंग करायचे. ते मॅट्रिक, मी इंग्रजीचा एम.ए. तरी आमची दोस्ती होती.

सत्त्याऐंशीचा दुष्काळ होता, आणि शहराबाहेर हर्सूलकडे इमारती भराभर उठत होत्या. तिथला एक बिल्डर फ्लॅट घेणाऱ्यांना द्यायचं पत्र घेऊन आला. अनंतरावांचं निम्मं काम त्याच्याकडूनच यायचं. पत्रात लिहिलं होतं, 'फोरसीएबल फ्यूचर'मध्ये इथं पाणी कमी पडणार नाही.

"म्हणजे पुढचं जेवढं दिसतं, तेवढ्या काळात," अनंतराव म्हणाले. "कुणी पाहिलंय?"

"काका, लिहायची पद्धत असते हो ती!" बिल्डर म्हणाला.

"मग बघून येऊ. चल रे केयूर."

मला चेष्टाच वाटली. पण सायकलवरून आम्ही खरंच तिथं गेलो. अनंतरावांनी दगड बांधून तिथल्या विहिरीत दोरी सोडली, तळ लागल्यावर वर ओढली. चार हात ओली होती.

तिथला पहारेकरी म्हणाला, "दिवाळीत लई भिजायची, सायेब. धा हात."

दिवाळीपासून तीन महिन्यांत सहा हात उतरलं, मग उरलेलं किती पुरेल, ते बोटांवर मोजून अनंतरावांनी परत येऊन टाइप केलं, 'फोरसीएबल फ्यूचरमध्ये, म्हणजे होळीपर्यंत, पाणी कमी पडणार नाही.'

"अन् होळीनंतर?" बिल्डर ओरडला.

"तिथून पुढचं मला दिसत नाही."

बिल्डर कागद घेऊन शेजारच्या टेबलावर गेला. तिथं ते पत्र पाच मिनिटांत टाइप झालं. अनंतराव ती टकटक ऐकत बसले.

मी विचारलं, "एवढं काम गेलं. वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. पण दोरी मी स्वतः ओढली ना रे."