सत्तेचे क्रियापद

आखाती शहरातल्या आमच्या अल अझीझिया भागातल्या लाँड्रीतून आज प्रयोगशाळेचा कोट घेताना स्टार्चचा वास आला आणि शाळेत असतानाची मराठी मंडळाची वक्तृत्व स्पर्धा आठवली. विषय होता ‘माझा आदर्श’. मी निवडला होता पश्चिम आफ्रिकेतला एक लष्करी अधिकारी, जो पुढे राष्ट्रप्रमुख झाला.

भाषणासाठी शिवलेल्या माझ्या खाकी शर्टाला इस्त्री करत बाबा तालीम ऐकत होते.

“त्यांनी सत्ता स्वीकारली,” मी म्हणाले.

“स्वीकारली? कोणी ताटात वाढून दिली होती का?”

“बाबा, ‘बळकावली’ म्हटलं तर बक्षीस जाईल! त्यांनी गावोगावी शाळाही काढल्या.”

“मग दोन्ही सांग.”

मंचावर मी ‘बळकावली’ म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली. परीक्षक काकूंनी मध्येच विचारले, “अगं, मग हा तुझा आदर्श कसा?”

“ते मी अजून तपासते आहे, काकू,” असे सांगून मी शाळांविषयीचा भाग ठामपणे पूर्ण केला.

बक्षीस गेले. एका क्रियापदाने मला हरवले, असे तेव्हा वाटले होते. आज संशोधन मांडताना गैरसोयीचा निष्कर्ष मी पहिल्याच वाक्यात सांगते, आणि कुजबुज झाली तरी पुढे बोलत राहते.