साखर, यीस्ट आणि सलाईनची नळी

वडील गेल्यानंतर गंगाखेडच्या आमच्या घरात कुणालाच एका जागी बसवेना. कुणाला म्हणजे आईला आणि मला. दोघंच उरलो होतो. पूजा उरकली की आई या खोलीतून त्या खोलीत फिरायची, झाकलेली भांडी उघडून पुन्हा झाकायची. मी पाथरीच्या ऑफिसातून आलो की टीव्ही लावायचो, लगेच बंद करायचो, उगाच गच्चीवर जाऊन यायचो. शेवटी एका रविवारी परभणीहून काचेची टाकी घेऊन आलो. गप्पी मासे आणले, पाण्यातली झाडं आणली. निदान बघत बसायला काहीतरी होईल, असं वाटलं.

पण बसणं काही झालं नाही. मासे मजेत होते, झाडं मात्र पिवळी पडायला लागली. पानांवर शेवाळ चढलं. मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं, झाडांना पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. त्याचं सिलिंडर माझ्यासारख्या कारकुनाला परवडणारं नव्हतं. पण स्वस्तातला एक उपाय सापडला. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि पावात घालतात ते चिमूटभर यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. मी बुचाला भोक पाडून सलाईनची नळी बसवली, तिचं दुसरं टोक टाकीत सोडलं आणि बुडबुडे बारीक निघावेत म्हणून त्यात बांबूच्या काडीचा तुकडा खोचला.

संध्याकाळभर काहीच झालं नाही. मी बाटली हलवली, बूच आवळलं, पुन्हा सोडलं. सकाळी उठून बघतो तर काडीतून धुरासारखे बुडबुडे निघत होते. थोड्याच दिवसांत झाडांना हिरवी टोकं फुटली.

आईच्या नाकाला मात्र दुसरंच काही जाणवलं.

"काय आंबवायलास रे हे?"

"झाडांसाठी हाय, आई."

"झाडाला दारूचा वास लागतो का? या घरात इष्टलिंगाची पूजा होते."

मी समजावलं, पण तिला पटलं नाही. टाकीजवळून जाताना ती नाकाला पदर लावायची.

एप्रिलात ऊन फार वाढलं. एका दुपारी मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. ती सहसा त्या वेळी फोन करत नसे.

"लाइट सकाळपासून गेलीय. तुझे मासे समदे वर आलेत. तोंड उघडझाप करायलेत."

उन्हानं यीस्टला जोर चढला असणार. टाकीवरचा दिवा बंद, म्हणून झाडं वायू घेत नव्हती. फिल्टर बंद, म्हणून पाणी हलत नव्हतं. वायू पाण्यात साठत गेला होता आणि मासे गुदमरत होते.

"आई, ती नळी पाण्यातून काढ."

"फुटंल का ती बाटली?"

"न्हाई फुटत. काढ आधी. आणि तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन वरून—"

फोन बंद पडला. परत लावला, लागला नाही. तिच्या फोनची बॅटरी संपली असावी. मी साहेबांकडे गेलो. घरी अडचण आहे, एवढंच सांगितलं. माशांसाठी जायचंय, हे सांगायला जीभ रेटेना.

सोनपेठमार्गे जाणारी एसटी मिळाली. मला खिडकीशी जागा होती तरी मी मधेच उठून दाराशी उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "बसा की, साहेब." बसलो, पुन्हा उठलो. वडील गेले त्या दिवशीही मी याच रस्त्यानं असाच निघालो होतो आणि गंगाखेडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गोदावरीचा पूल आला तेव्हा मी पुन्हा दाराशीच उभा होतो.

घराचं दार उघडंच होतं. आई टाकीसमोर स्टुलावर बसून तांब्यानं पाणी काढत होती आणि हात उंच करून धारेनं परत टाकीत सोडत होती. काढायची, सोडायची. पदर ओला, फरशी ओली. बाटली तिनं उचलून अंगणात, तुळशीपासून लांब, नेऊन ठेवली होती. दोन मासे मेले होते. बाकीचे खाली उतरून झाडांत शिरले होते.

"कधीपासून करायलीस हे?"

"तुझा फोन तुटला तवापासून."

मी तांब्या घेऊ लागलो, तिनं दिला नाही. लाइट येऊन फिल्टर घुरघुरायला लागला तेव्हाच तिनं तो खाली ठेवला. खांदा चोळत म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वेळी मी नुसती उभी होते. काय करावं तेच कळंना. आज हाताला काम तरी होतं."

मी फरशी पुसायला घेतली. पुसून झाल्यावरही पुसत राहिलो.

आता मी यीस्ट कमी घालतो आणि उन्हाळ्यात बाटली पाण्याच्या बादलीत ठेवतो. लाइट गेली की आई स्वतः नळी काढते. वास तिला अजून आवडत नाही. घरातलं तिचं फिरणंही थांबलेलं नाही. फक्त फिरताना ती टाकीपाशी थोडी थांबते, वाकून बघते आणि पुढं जाते.