आवाजाची हमी नाही

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सोनईतल्या याकोब साळवे यांनी आपल्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवला. त्यावर जाड पेनाने लिहिले होते : 'लग्नाच्या जुन्या कॅसेट उतरवून मिळतील. आवाजाची हमी नाही.' दुकानात गिऱ्हाईक नव्हते. कागद चिकटवून ते आत गेले आणि माळ्यावरची खोकी खाली काढू लागले. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी नगरला जावे लागत होते आणि जड उचलायला डॉक्टरांची मनाई होती.

परिसरात त्यांना 'व्हिडिओवाले नाना' म्हणत. उंची बेताची, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. समोरच्याशी बोलताना ते डावा डोळा मिटून घेत. नवख्या माणसाला ते डोळा मारताहेत असे वाटे. एका मुख्याध्यापिकेने तर गॅदरिंगच्या दिवशी त्यांना तसे सुनावले होते. "बाई, इतकी वर्सं एका डोळ्यानं जग बघितलं," ते म्हणाले, "दुसरा उघडायचं ध्यानातच ऱ्हात न्हाई."

मिशनच्या शाळेत ते मॅट्रिकपर्यंत शिकले, मग फोटो स्टुडिओत कामाला लागले. त्यांचा पहिला व्हिडिओ कॅमेरा दोन तुकड्यांत होता. एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्या खांद्याला अडकवलेला रेकॉर्डर आणि दोन्हींच्या मधे जाड वायर. उजेडासाठी हजार वॅटचा हॅलोजन लागे. तो त्यांच्या पत्नी मार्थाबाई धरत. लग्नाच्या मंडपात नऊवारीतल्या बायका, फेटेवाले पाहुणे आणि मधोमध दिवा उंच धरून उभी असलेली एक किडकिडीत बाई, हे दृश्य सोनईच्या आसपासच्या गावांनी कितीतरी वर्षे पाहिले. हॅलोजनने वऱ्हाडी घामाघूम होत. मार्थाबाईंना कोणीतरी पाणी आणून देई आणि मंडपाच्या कापडापासून लांब उभ्या राहा म्हणून सांगे.

कामाची एक ठरलेली पद्धत होती आणि ती त्या काळी जिल्ह्यातल्या बहुतेक व्हिडिओवाल्यांची होती. लग्नात भरलेली मूळ कॅसेट नगरला मिक्सिंगसाठी जाई. तिथे तिची नक्कल होई. नावे पडत, नवरा-नवरी फुलांच्या चौकटीत बसत आणि मूळ आवाज काढून टाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी भरली जात. नक्कल घरच्यांना मिळे. मूळ कॅसेट परत येई आणि पुढच्या लग्नात तिच्यावरच पुन्हा भरले जाई.

सुरुवातीला साळवे आवाज तसाच ठेवत. एका लग्नाने ते थांबले. मुलाकडच्यांनी अंगणात टीव्ही मांडून भावकीला कॅसेट बघायला बोलावले होते. पंगतीच्या दृश्यात नवरीच्या मामाचा आवाज स्वच्छ ऐकू आला : "पोरगं बरं हाय ओ, पन आईचा पदर सोडंल असं वाटत न्हाई. आपली पोरगी काय सासूसंगं नांदायला चाललीय का?" सासूबाईंनी स्वतः उठून टीव्ही बंद केला. त्या वर्षी दिवाळसणाला मुलाकडचे कोणीच मुलीकडे गेले नाही. समेट करायला साळवे यांना दोन्ही गावांना तीन खेपा घालाव्या लागल्या.

"तवाच ठरवलं," ते सांगत. "चित्र माझं, आवाज गान्याचा. मान्सं दिसली की झालं. बोललेलं कुनाला पायजे?"

माझी त्यांची ओळख केबलच्या बातम्यांमुळे झाली. मी एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार होतो आणि संध्याकाळचे केबल बातमीपत्रही चालवत होतो. दृश्ये साळवे आणत, त्यांवर आवाज माझा असे. एकदा पाण्याच्या प्रश्नावरच्या सभेत ते माईकची वायर जोडायलाच विसरले. परत आल्यावर कॅसेट लावली तर वक्त्याचे नुसते ओठ हलत होते.

"पत्रकार, तुमी लिवून घेतलंय ना?" साळवे म्हणाले. "मग तेच वाचा. त्याच्यापेक्षा तुमचा आवाज बरा हाय."

मी वहीतून वाचले. दुसऱ्या दिवशी त्या वक्त्याच्या माणसाचा फोन आला. साहेबांना बातमी आवडली होती.

पुढे मोठ्या कॅसेट गेल्या, छोट्या आल्या. मग सीडी, डीव्हीडी, कार्ड. दर वेळी साळवे यांनी नवे यंत्र घेतले, त्याचे पुस्तक दुकानात बसून वाचले, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत पुढचे आले. "दर चार-पाच वर्सांनी मला परत पयलीत बसवत्यात," ते म्हणत, "आन मास्तर दर खेपेला आदल्यापेक्षा ल्हान." लग्नात ड्रोन उडू लागले तेव्हा त्यांनी ऑर्डर घेणे थांबवले. कारण विचारले तर डावा डोळा मिटून सांगत, "वरनं काय दिसतं? मान्साचं टक्कल." त्यानंतर जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देणे एवढेच काम राहिले. त्यासाठी त्यांच्याकडे तीन व्हीसीआर होते. एक चालू होता. दोन त्याला सुटे भाग पुरवण्यासाठी ठेवले होते.

कागद चिकटवला त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, काष्टीहून मंगलताई आल्या. सोबत त्यांच्या आई केसरबाई होत्या. मी त्या वेळी दुकानात बसलो होतो. मंगलताईंचे माहेर सोनईजवळचे. तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाची कॅसेट साळवे यांनीच भरली होती. लग्नानंतर वर्षाच्या आत वडील विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. त्यांचा आवाज कुठेच नव्हता. केसरबाईंची दृष्टी आता काचबिंदूने गेली होती आणि त्या लेकीकडे राहत होत्या.

कॅसेट टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती. फितीवर पांढरी बुरशी चढली होती. साळवे यांनी ती उघडली, स्पिरिटच्या बोळ्याने फीत पुसत हाताने गुंडाळली. याला तासभर लागला. दोनदा चित्र फाटले, तिसऱ्यांदा स्थिर झाले. सनई मिसळलेले एक सिनेमातले गाणे सुरू झाले.

"आलं का?" स्टुलावर बसलेल्या केसरबाईंनी विचारले.

"आलं, आई. बाबा दिसत्यात. गुलाबी फेटा बांधलाय."

"काय म्हंत्यात?"

मंगलताईंनी साळव्यांकडे पाहिले. साळवे टीव्हीकडे पाहत होते.

"ते गानं बंद करा ना ओ," केसरबाई म्हणाल्या. "ह्यांना बोलू द्या."

साळवे यांनी आवाज कमी करत शून्यावर आणला. पडद्यावर फेटेवाला माणूस कोणाला तरी हात करून बोलावत होता.

"आता?"

"आई, आता काय न्हाई," साळवे म्हणाले. "गान्याच्या खाली आवाज न्हाई. आमीच काढला तो."

"कशापायी?"

"तशी पद्धत हुती."

केसरबाई म्हणाल्या, "मला चित्राचा काय उपेग हाय, दादा?"

"नाना, मूळ कॅसेट असंल की तुमच्याकडं," मंगलताई म्हणाल्या.

"तिच्यावर दुसरं लगीन घेतलं."

"सगळीवर?"

साळवे यांनी कॅसेट काढून टॉवेलमध्ये गुंडाळून दिली. त्या दोघी अडीचच्या एसटीने परत गेल्या.

मंगलताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर साळवे यांना संध्याकाळी सुचले. मूळ कॅसेट तीन तासांची असे. नंतर तिच्यावर भरलेला कार्यक्रम दोन-अडीच तासांत संपला असेल, तर शेवटी आधीच्या लग्नाचे शेपूट तसेच राहिले असणार, त्याच्या मूळ आवाजासकट. गाणी भरली होती ती फक्त नकलेवर. हे शेपूट कोणी पाहिलेही नव्हते. माळ्यावरच्या खोक्यांत अशा कॅसेट भरल्या होत्या. चिठ्ठ्यांवर नावावर नाव लिहून खोडलेले, पहिले नाव कुठलीच चिठ्ठी सांगत नव्हती. प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत पाहणे एवढाच मार्ग होता.

डायलिसिस नसेल त्या दुपारी ते पाहायला बसत. मार्थाबाई जेवणाचा डबा घेऊन दुकानात येत आणि डबा उघडला जाईपर्यंत तिथेच उभ्या राहत.

"डाक्टर पडून ऱ्हावा म्हंतो, आन हे लोकांचे आवाज हुडकत्यात," त्या मला म्हणाल्या. "आमच्या लेकीच्या बाप्तिस्म्याची कॅसेट हुती. ती इचारा कुटं गेली."

"कुठे गेली?"

"तिच्यावरबी लगीन घेतलं!"

"अर्जंट ऑर्डर हुती," साळवे मान न वळवता म्हणाले.

"मुलगी काय अर्जंट नव्हती."

शेपटांत काय काय निघाले ते मी तीन-चार दुपारी पाहिले. कोणाच्या तरी वास्तुशांतीतली आरती. प्रचारसभेतल्या रिकाम्या खुर्च्या. कविता म्हणता म्हणता विसरलेली एक मुलगी आणि मागून तिला ओळ सांगणारी आई. ओळख पटली तर साळवे त्या घरी फोन करत. एकाने पत्ता बदलल्याचे सांगितले. एकाने, कॅसेट लावायला आता काही नाही, टाकून द्या, असे सांगितले. साळवे यांनी ती टाकली नाही. मधेच व्हीसीआरचा पट्टा तुटला. दुसऱ्या यंत्राचा काढून बसवला. तोही ढिला होता. त्यांचे पाय सुजलेले असत. ते पाय खोक्यावर ठेवून बसत आणि अधूनमधून टीव्ही चालू असतानाच त्यांना झोप लागे. जाग आली की फीत मागे नेऊन झोपेतला भाग पुन्हा पाहत.

नाताळच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"पत्रकार, घावला. पन मला झापतोय."

मी गेलो. कॅसेटवर कुठल्याशा दुकानाचे उद्घाटन भरलेले होते. ते संपल्यावर काही सेकंद पडद्यावर मुंग्या आल्या, मग मंडप दिसला. गुलाबी फेटा बांधलेला माणूस सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला.

"ओ व्हिडिओवाले, तो लाईट खाली घ्या जरा. पोरीच्या डोळ्यातनं पानी निघतंय त्यानं."

"दादा, लाईट घेतला की चित्रात अंधार येतो," हा साळव्यांचा आवाज, तरुण आणि घाईतला.

"येऊ द्या अंधार. तिला नीट बघू तर द्या कोन कोन आलंय ते. समदी परत कवा येकत्र दिसनार हायेत?"

"बरं, बरं. मार्था, लाईट खाली घे. अगं खाली घे म्हंतोय ना!"

चित्र काळे पडले. त्या काळ्या पडद्यावर भांड्यांचा, माणसांचा आवाज येत राहिला. कोणीतरी पंगतीची विचारणा केली. "आलो, आलो. पयलं पाहुन्यांना बसवा," असे तोच माणूस म्हणाला. फीत संपली.

"असंच देऊ का?" साळव्यांनी विचारले.

"का? काय अडचण आहे?"

"काळं पडलंय की चित्र. असलं काम मी कधी गिऱ्हाइकाला दिलं न्हाई."

"नाना, त्यांना दिसत नाही."

"व्हय की," ते म्हणाले आणि वायर जोडायला वाकले. एवढाच तुकडा त्यांनी पेन ड्राइव्हवर उतरवला. लांबी एक मिनिट चाळीस सेकंद. नाताळ झाला की स्वतः काष्टीला जायचे असे त्यांनी ठरवले होते. मंगलताईंना फोनवर काही सांगू नका, असे मलाही बजावले होते.

नाताळनंतर तिसऱ्या दिवशी पहाटे नगरच्या दवाखान्यात याकोब साळवे यांचे निधन झाले. त्याच दिवशी दुपारी सोनईत दफनविधी झाला. पेन ड्राइव्ह त्यांच्या कोटाच्या खिशात होता. तो मार्थाबाईंनी माझ्याकडे दिला. "त्या आजीचं हाय म्हंत हुते," एवढेच त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी काष्टीला गेलो. मंगलताईंच्या मुलाने तुकडा मोबाईलवर घेतला आणि मोबाईल आजीच्या कानाशी धरला. केसरबाईंनी तो पूर्ण ऐकला. मग हाताने खूण करून पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी 'येऊ द्या अंधार' हे शब्द आले तेव्हा त्या हसल्या.

"असंच," म्हणाल्या. "कुनालाबी असंच तोडून बोलायचे."

मंगलताई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "त्यातला दुसरा आवाज काढता येतो का ओ आता? नुसते बाबा ठेवले तर?"

केसरबाईंनी ते ऐकले. "कशाला काढती गं? ऱ्हाऊ दे. कुनाशी तरी बोलत्यात ना ते. येकटंच बोलत्याल का?"

तो दुसरा आवाज साळव्यांचाच, हे मी त्यांना सांगितले, आणि ते गेल्याचेही. त्यांनी हात जोडले.

परतताना सोनईला थांबलो. साळवे यांचा मोबाईल साधा, बटणांचा होता. त्यात काही रेकॉर्ड केलेले नव्हते. घरात त्यांचे तीन फोटो निघाले. त्यांचा आवाज कुठेच निघाला नाही. मार्थाबाईंनी तुकडा माझ्या मोबाईलवर, दुकानातच, उभ्याने ऐकला.

"माझ्यावरच वरडलेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. नंतर लेकीचा नंबर दिला. लेक पुण्याला असते. संध्याकाळी सव्वासहा वाजता तुकडा तिला पाठवला. सात वाजता तिकडे तो पाहिल्याची निळी खूण आली.