डाव्या टाचेतला खिळा

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं... आणि त्याचं श्रेय घ्यायला जो तो पुढं येतोय, त्या वैतागापायी हे लिहायला बसलोय.

मी कोल्हापूरचा. मंगळवार पेठेत आमचं चपलांचं दुकान, आजोबांपासूनचं. नऊ वर्षांपूर्वी मला एमएस निघाला — मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलंच शरीर आपल्या नसांवरचं आवरण खात सुटतं. माझ्या डाव्या पावलाची जाणीव गेली त्याला सहा वर्षं झाली. फरशी गार की तापलेली, कळत नाही. चालताना चप्पल निसटते आणि मी तसाच पुढं जातो. मग मागून कुणीतरी ओरडतं, "ओ पावणं, चप्पल ऱ्हायली की तुमची!" आणि मी चप्पलवाला! काय बोलायचं?

डॉक्टरांनी बजावलं होतं, बंद बूट घाला आणि रोज आरशात तळपाय बघा. जखम झाली तर तुम्हाला कळणार नाही, चिघळली तर पाय गमवावा लागेल. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. ज्या गादीवर बसून कोल्हापुरी विकायची, तिथं मी बूट घालून जायचं? गिऱ्हाइकानं काय समजायचं?

उपाय सुचवणाऱ्यांचा मात्र सुकाळ. जयसिंगपूरची माझी मोठी बहीण, अक्का, माझ्या नावानं नृसिंहवाडीला गुरुवार करते. कुणी चुंबकाचा पट्टा आणून दिला, कुणी कडूजहर काढा. शेवटी बायकोनं, शोभानं, चीगाँग काढलं. हा चिनी व्यायाम, श्वासाच्या लयीत सावकाश हात हलवायचे आणि म्हणे अंगातली ऊर्जा फिरवायची. शिकवणारे सर शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर. क्लास रविवारी सकाळी सातला, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये.

"हवेत हात फिरवायला मी काय ट्रॅफिक पोलीस हाय?" मी म्हणालो.

"डॉक्टरचं ऐकत न्हाईसा, देवाचं ऐकत न्हाईसा. माझं तरी ऐका की!"

गेलो. चार रविवार खुर्चीत बसून "ऊर्जेचा चेंडू" धरत होतो. चेंडू काही हाताला लागला नाही. अंग जरा सैल वाटायचं, एवढं कबूल करतो. डॉक्टर म्हणाले, व्यायाम म्हणून करा, फक्त औषधं बंद करू नका.

पाचव्या रविवारी सर म्हणाले, आज तुम्हाला हीलिंग देतो. म्हणजे आणखी एक तमाशा. मी डावा पाय स्टुलावर ठेवला. क्लासमध्ये चपला चालत नाहीत, म्हणून पायात मोजे होते. सरांनी टाचेपासून वीतभर लांब हात धरला आणि डोळे मिटले. मी कंटाळून वरच्या पंख्याकडं बघत बसलो.

आणि एकदम टाचेत कळ आली. कुणी चामडं शिवायची आरी खुपसावी तशी... थेट गुडघ्यापर्यंत! मी खुर्चीतून उडालोच.

"काय टोचताय वो सर!"

सरांचा हात तसाच हवेत. तोंड पांढरं पडलेलं. "मी... मी हातच लावला न्हाई."

"न्हाई लावला. माझ्या डोळ्यांदेखत," शेजारी उभी असलेली शोभा म्हणाली.

तिनं मोजा ओढून काढला. टाचेत तुटका खिळा रुतलेला, भोवती काळंनिळं, पू धरलेला. किती दिवसांचा, देव जाणे. कुठंतरी चप्पल निसटली असणार आणि मी पाय दिला असणार.

रिक्षानं तडक डॉक्टरांकडं. सगळा रस्ता मी टाच धरून विव्हळत होतो. दवाखान्याच्या पायऱ्या चढलो आणि कळ थांबली. बटण बंद केल्यागत. डॉक्टरांनी खिळा भूल न देता ओढून काढला, मला पत्ता नाही! ते म्हणाले, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर हाडापर्यंत पोचलं असतं.

मग सुरू झालं. सर म्हणतात ऊर्जा. अक्का म्हणते दत्तगुरू. डॉक्टर म्हणतात, "नसांचं कधी कधी असं होतं. पण नेमकं त्याच वेळी, त्याच जागी का, ते मलाही सांगता येणार नाही." शेजारचा भांडीवाला तर म्हणाला, खिळा तुमच्याच दुकानातला. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आमची चप्पल चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, तिच्यात खिळा नसतो.

आता मी बूट घालतो. गिऱ्हाईक हसतं, हसू दे. रोज सकाळी आरशात तळपाय बघतो. आणि दर रविवारी चीगाँगला जातो. सरांनी त्यानंतर कितीतरी वेळा हात धरून बघितला. काही नाही. लाकूड.

त्या दिवशी रिक्षात मी रडत होतो. शोभाला वाटतं, दुखत होतं म्हणून. तिला अजून सांगितलेलं नाही... सहा वर्षांनी तो पाय माझा झाला होता, मंगल कार्यालयापासून दवाखान्यापर्यंत.

सर डोळे मिटतात, तेव्हा मीही मिटतो. विश्वास नाहीच. तरी पायाला मनातल्या मनात म्हणतो, दुख की लेका, एकदा.