कोकऱ्याचा डोळा

"कुनाला लागलं नाय ना, बाई?"

फोन उचलला की नमस्काराच्या आधी काकांचं हे वाक्य, आणि ठेवतानाही हेच. आपल्या हातून कुणाचं तरी मन दुखावलं असणार याची त्यांना खात्रीच असे. कुणाचं, एवढंच शोधायचं बाकी. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. पण ह्यांचा धंदाच असा, की काळजीला सुट्टी नव्हती. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात ते आखणी करत, म्हणजे मूर्तींचे डोळे काढत. तरुणपणापासून तेच काम.

मी रोह्याला शाळेत शिकवते. आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी. प्रार्थनामंदिरात वेदीच्या दर्शनी बाजूला प्लास्टरची पाच उठावचित्रं बसवायचं ठरलं. येशूची कथा सांगणारं शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांच्या चार खुणा, म्हणजे माणूस, सिंह, बैल आणि गरुड, आणि मधोमध कोकरा, म्हणजे स्वतः ख्रिस्त. नाताळच्या आधी हवी होती. कारखान्याच्या मालकांनी हे काम काकांना दिलं. इतका मोठा कारागीर आमच्या एवढ्याशा कामाला मोकळा कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

मातीचे नमुने पाहायला गेले तर काका दारातच उभे. आत पाहते तो सिंहावर एक दाढीवाले संत मांडी घालून बसलेले. बैलावर दुसरे. गरुडावर तिसरे, जरा तोल सांभाळून. चौथ्यांची खूण माणूसच असल्यामुळे काकांची पंचाईत झाली होती. माणसावर माणूस कसा बसवायचा, म्हणून ती पाटी त्यांनी कोरीच ठेवली होती.

मला हसू आवरेना. मग सांगितलं, की काका, ही वाहनं नाहीत. एकाचं शुभवर्तमान अरण्यातल्या हाकेने सुरू होतं, म्हणून सिंह. दुसऱ्याचं मंदिरातल्या याजकापासून, जिथे बैल अर्पण करत, म्हणून बैल. तिसरा फार उंचावरून पाहतो, म्हणून गरुड. चौथा आधी येशूची वंशावळ सांगतो, म्हणून माणूस. काकांचा चेहरा उतरला. कुणाला लागलं नाही ना, हे त्यांनी मी निघेपर्यंत तीनदा विचारलं.

आठवड्याभरात सगळे संत खाली उतरले, पण फोन सुरू झाले. सिंह चांगला की वाईट? मी पडले शिक्षिका, खरं ते सांगून बसले. शास्त्रात ख्रिस्तालाही सिंह म्हटलंय आणि गर्जत फिरणाऱ्या सैतानालाही.

"मंग मी डोळा कुठल्या सिंव्हाचा काढू?"

दोन दिवसांनी त्यांनी सापाचं विचारलं, जो आमच्या चित्रांत नव्हताच. साप बागेत बाईला फसवतो, आणि पितळेचा साप खांबावर टांगला की त्याच्याकडे पाहणारा बरा होतो, असं मी सांगितलं. मग काका म्हणाले, साप नाय तेच बरं.

डिसेंबरात गेले तेव्हा सगळे डोळे झाले होते, एक कोकऱ्याचा सोडून. आमच्या शास्त्रात हा कोकरा वध झालेला असतो आणि तरी उभा असतो. काकांनी गळ्यावरची जखम काढली होती, चारी पाय जमिनीवर नीट रोवले होते. डोळ्याची जागा पांढरी. मेलेल्याचा डोळा त्यांनी जन्मात काढला नव्हता, आणि जिवंत म्हणावं तर ही जखम. शिवाय हातातला ब्रश थरथरत होता.

"मालकांनी गणपतीचं डोळं माझ्याकडनं काढून घेतलं," ते खाली मान घालून म्हणाले. "हात हलतो. ह्यो शेवटचा डोळा, बाई."

मग त्यांनी ब्रशाने कोकऱ्याकडे खूण केली.

"त्याला ठाव व्हतं का, आपल्याला कापनार हायत ते?"

"होतं," मी म्हणाले. "घाबरलाही होता. पण पळाला नाही."

काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि डोळा काढला. खालची रेघ किंचित हलली. ते त्यांनी पाहिलं आणि मीही पाहिलं.

नाताळच्या उपासनेनंतर आमच्या पंचांतल्या एक मावशी, फार कडक, वेदीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "कोकरा घाबरलेला दिसतो. डोळा नीट करून घ्या." त्याच आठवड्यात काकांचा फोन आला. त्यांनी नेहमीचंच विचारलं, आणि मी पुन्हा खरं ते सांगून बसले.

"मंगलवारी येतो," ते घाईघाईने म्हणाले. "बारीक ब्रश घेऊन येतो. तवर झाकून ठेवा."

सोमवारी मालकांचा फोन आला. काका पहाटे झोपेतच गेले होते. रोह्याला यायची पिशवी त्यांनी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. मी 'कुणाला नाही लागलं' म्हणाले असते तर काय बिघडणार होतं? हे मला अजून टोचतं. मावशींना मी काकांच्या हाताचं सगळं सांगितलं.

यंदा नाताळच्या आधी भिंतींना रंग द्यायचं काम काढलं. मी पोहोचले तेव्हा मावशी वेदीपुढे गुडघ्यांवर बसून कोकऱ्यावर वर्तमानपत्र चिकटवत होत्या, कडा दाबून दाबून. रंगाऱ्याने विचारलं, की ह्या चित्रालाही एक हात मारू का.

"त्याला ब्रश लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "घाबरू दे त्याला. उभा आहे ना."

काकांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो काढून बराच वेळ बघत राहिले. कुणाला लागलं नाही काका, एवढंच सांगायचं होतं.