आतून लागणारी कडी

मिनू, ये इकडे, जवळ बस. तू प्रताप नगरात, मी नंदनवनात, मध्ये अख्खं नागपूर पडलंय, म्हणून कागदावरच तुझा कान धरते. काल फोनवर सात बाथरूमचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, ‘मावशी, शॉवरचं सगळं नवीन करतोय, काही आयडिया असल्या तर सांग.’ चष्मा लावून पाहिले मी ते. काचेचं दार, ताटाएवढा शॉवर, आरशासारखी काळी फरशी. एकातही बादली नाही, बसायला जागा नाही. मे महिन्यात सकाळी दहानंतर तुझ्या गच्चीवरच्या टाकीतून चहाच्या आधणासारखं पाणी येतं, तेव्हा त्या ताटाखाली कोण उभं राहणार, हे त्या फोटोवाल्याला विचारलंस का? वेडी कुठली. माझ्याकडे आयडिया नाहीत. एक माणूस होता, त्याचं सांगते.

त्यांचं नाव काही वेगळं होतं, पण आमच्या भागात सगळे त्यांना लोटेवाले मिस्त्री म्हणत. फरशी-टाइल्सचं काम करायचे. साठी ओलांडलेली, अंगाने वाळके, आणि एवढा संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. थैलीत थापी, हातोडी, लेवलची पट्टी असायचीच, पण सगळ्यांच्या वर कापडात गुंडाळलेला एक पितळी लोटा असायचा. पट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. ती लावायचे, तिच्यातला बुडबुडा पाहायचे, आणि मग लोटाभर पाणी जमिनीवर ओतून उकिडवे बसायचे. ते पाणी जाळीकडे कसं जातं यावर अशी नजर ठेवत, जशी सासू नव्या सुनेच्या हातातल्या दुधाच्या पातेल्यावर ठेवते. मी विचारलं, की पट्टी असताना हा खटाटोप कशाला, तर म्हणाले, “पट्टी कंपनीनं बनवली बाई. पानी कोनी बनवलं नाई. त्याले मस्का लावता येत नाई.”

आता ते आमच्याकडे का आले, ते ऐक. तुझे काका बाथरूममध्ये पडले ते तुला माहीत आहे, पण कसे ते आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. जुनं दार आत उघडायचं. हे दाराला टेकूनच पडले, आतून कडी लावलेली. मी बाहेरून हाका मारतेय आणि हे आतून म्हणतायत, “कोणाला बोलावू नको.” बोलावलं. शेजारच्या चौघांनी दार तोडलं. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, आणि त्या चौघांतले दोघे त्यांचेच विद्यार्थी. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण त्यानंतर हे बाथरूमच्या वाटेला जाईनात. एक माणूस येऊन अंग पुसून जायचा. तेवढा वेळ हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण कमी केलं, बोलणं त्याहून कमी. एकदा मला एवढंच म्हणाले, “एकट्याने आंघोळ करीन, कडी लावून. नाहीतर करणार नाही.”

शेखरने बेंगळुरूहून नकाशा पाठवला. आपला मुलगा म्हणून नावं ठेवत नाही, पण नकाशात सगळं होतं, फक्त दाराला कडी नव्हती. ‘सेफ्टीसाठी’ म्हणे. फोनवर रोज तेच. बापाला कडी हवी, मुलाला नको, आणि दोघांचंही मला पटायचं. अशा वेळी लोटेवाले मिस्त्री आमच्या दारात उभे राहिले. मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो हातात न घेताच विचारलं, “हे कोनी काढलं?”

“माझ्या मुलाने.”

“आंघोळ तो करनार हाय काय इथं?”

“नाही, यांना करायचीय.”

“मंग सरांले इचारतो नं.” आणि चपला काढून सरळ आतल्या खोलीत गेले. जाताना मागे दार लोटून घेतलं. मला माझ्याच घरात बाहेर ठेवलं.

तिथून माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना डॉक्टरांनी खर्रा बंद केला होता. तुला ठाऊक आहे, सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला खर्रा यांना आंघोळीपेक्षा प्यारा. आणि मिस्त्रींचा डावा गाल कायम फुगलेला. दोन गाल एका खोलीत, दार बंद, आतून कुजबुज. मी चहाचं निमित्त करून आत गेले की दोघं गप्प. मिस्त्री छताकडे पाहणार, हे खिडकीकडे. मी यांच्या उशा झटकल्या, खिसे पाहिले, तोंडाचा वाससुद्धा घेतला. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणूनच संशय वाढला.

मिस्त्रींचा संशय तर माझ्याही पुढचा. टाइलच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले. दुकानदार म्हणाला, “ही पाय न घसरणारी टाइल आहे, गॅरंटी.” मिस्त्रींनी त्याच्याकडे साबण मागितला. टाइल जमिनीवर ठेवली, लोट्यातलं पाणी ओतलं, साबण फासला आणि दुकानदाराला म्हणाले, “राहा उभे. मोजे काढून.” तो हसला. मिस्त्री हसले नाहीत. शेवटी तो बिचारा पॅन्ट वर करून उभा राहिला आणि एका टाइलवरून सरकून काउंटरला धरायला गेला. अशी तीन दुकानं फिरलो. चौथ्या दुकानातल्या मालकाने लोटा पाहूनच शटरकडे नजर टाकली. तिथली टाइल पसंत पडली. रंग मातकट, दिसायला अगदी साधी. मी नाक मुरडलं तर म्हणाले, “सुंदर टाइल अन् खुब्याचं हाड, दोन्ही येकाच घरात राहत नाई बाई.”

काम सुरू झालं आणि एक दिवस मी पाहते तो नव्या भिंतीवर खडूच्या खुणा. एक कमरेपाशी, एक त्याच्यावर जरा तिरकी, एक पार कोपऱ्यात. शेखरच्या नकाशात धरायच्या दांड्याची उंची लिहिलेली होती, या खुणांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाले, “पाहून राहिलो.” काय पाहून राहिले, ते नाही सांगितलं. त्या दुपारी मी धुण्याच्या निमित्ताने मागच्या बाजूला गेले आणि झरोक्यातून डोकावले. लाज कसली, माझंच घर.

आत हे होते. अंगात सदरा-पायजमा, कोरड्या ओट्यावर बसलेले. हो, मिस्त्रींनी बसायला भिंतीलगत ओटा बांधला होता. डोळे घट्ट मिटलेले. हातात रिकामा मग. मिस्त्री समोर उकिडवे बसून म्हणत होते, “साबन डोयात गेला, सर. झोंबून राहिला. आता उठा. पाहू नका, उठा फक्त.” यांचा हात चाचपडत भिंतीला जिथे लागला, तिथे मिस्त्रींनी खडूने खूण केली. “अजून येकदा. आता तोल गेला समजा.” हात दुसरीकडे गेला. दुसरी खूण. “नकाशात मानूस डोये उघडे ठेवून आंघोय करते,” मिस्त्री म्हणाले, “म्हनून मले नकाशाचा राग येते.” आणि हे हसले गं. पडल्यापासून पहिल्यांदा. मी हळूच मागे सरले. पण खर्र्याचा संशय काही सोडला नाही, एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं?

दांडे खुणांवरच बसले. दार बाहेर उघडणारं झालं, म्हणजे आत कुणी पडलं तरी ते अडत नाही. उंबरठा काढला. बादलीसाठी खाली नळ ठेवला, ओट्याशेजारी हातात धरायचा शॉवर. साबण ठेवायला भिंतीत कोनाडा केला, तो मात्र जरा जास्तच खोल वाटला मला. आणि कडी? कडी लावली. पितळी, आडवी, यांच्या हाताच्या उंचीवर. शेखर फोनवर माझ्यावर चिडला.

काम संपलं त्या दिवशी हे झोपलेले होते. मिस्त्रींनी मला खुणेने बोलावलं. दारावर बाहेरच्या बाजूला टॉवेलसाठी खुंटी लावली होती, तिच्याखाली पाहिलं तरच दिसेल अशी बारीक फट. चमच्याचा दांडा त्यात घालून वर उचलला, आतली कडी सुटली. “सरांले सांगू नका,” म्हणाले. “त्याईची कडी त्याईच्याजवळ राहू द्या. तुमी गरज पडली तरच. रोज उघडून पाहान, तर त्याईले समजन, अन् मंग सर पुन्हा भिंतीकडे तोंड करन.” मी शब्द दिला. एक जुना चमचा खुंटीवर टॉवेलमागे अडकवून ठेवला आणि त्या दिवसापासून माझा रोजचा अर्धा तास त्या दाराबाहेर जायचा. आत पाणी पडल्याचा आवाज येतो का, बादलीवर मग आपटतो का, हे खाकरतात का. चमच्याला हात लावला नाही.

काम संपलं तरी मिस्त्री यायचे. महिन्यातून दोनदा. लोटा घेऊन. “पान्याचा ढाळ पाहून जातो. घर बसते बाई, त्याच्यासंगं ढाळ बसते.” बाथरूममध्ये पाणी ओतायचे, बघायचे, चहा प्यायचे, यांच्याजवळ थोडं बसून जायचे. एवढा ढाळ मी दुसऱ्या कुणाच्या घरचा तपासलेला ऐकला नव्हता.

एकदा मे महिन्यात, अकराच्या सुमारास, हे आत गेले आणि पाण्याचा आवाज थांबला. मी हाक मारली. उत्तर नाही. दुसरी मारली. नाही. तिसऱ्या हाकेनंतर माझ्या डोळ्यांपुढे ते चौघे दार तोडताना उभे राहिले. चमचा काढला. दांडा भलतीकडेच टोचत होते, फट सापडेना. शेवटी कडी सुटली, दार उघडलं. हे ओट्यावर बसलेले, मांडीवर टॉवेल, आणि तोंडात पाणी घेऊन चूळ भरतायत.

चूळ टाकली आणि म्हणाले, “किती वेळ लावलास. मिस्त्री तर म्हणाले होते, चुटकीसरशी उघडतं.”

मी दाराला धरून तशीच उभी. “तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, मीच सांगितलं त्यांना करायला. आणि हेही सांगितलं, की हिला म्हणा, सरांना कळू देऊ नका. गुपित असलं तरच तू हात आवरशील. नाहीतर दर पाच मिनिटांनी डोकावली असतीस.” आणि वर, “आज परीक्षा घेतली. उघडता येतं की नाही, पाहायला नको?”

मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. मिस्त्री पुढच्या वेळी आले तर त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. प्यायले मुकाट्याने. त्यांना कळलं होतं.

त्यानंतर तीन वर्षं यांनी रोज एकट्याने आंघोळ केली, कडी लावून. गेले तेही बिछान्यात, सकाळी, आंघोळ करून, पावडर लावून झोपले होते तेव्हा. तेराव्यानंतर मिस्त्री आले. बाथरूममध्ये जाऊन लोटाभर पाणी ओतलं, उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. उठताना गुडघ्यांवर हात द्यावा लागला. म्हणाले, “अजून बरोबर जाते.” लोटा धुऊन, पुसून माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. “मी मौद्याले लेकीकडं चाललो, आता काम होत नाई. तुमी पाहत जा. कोनाच्या भरोशावर सोडू नका.” सहा-सात महिन्यांनी लेकीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. माझा नंबर त्यांनी लोट्याच्या कापडासोबतच जपून ठेवला होता म्हणे.

परवा कोनाडा घासायला घेतला. हात पार आत घातला, आणि मागच्या टोकाला बोटाला काहीतरी लागलं. प्लास्टिकच्या पन्नीची पुडी, रबर लावलेली. वाळून दगड झालेला खर्रा. मी ओट्यावर बसले ती बसलेच. महिन्यातून दोनदा तपासायचा ढाळ, गरजेपेक्षा खोल कोनाडा, तीन हाका मारूनही न आलेलं उत्तर, आणि ती चूळ. परीक्षा घेतली म्हणे. तोंड भरलेलं होतं, दुसरं काय. की दोन्ही होतं? विचारायचं कुणाला आता. दोघेही पळाले.

तर मिनू, तुझ्या शॉवरचं असं कर. डोळे मिटून भिंतीला हात लाव, जिथे लागेल तिथे दांडा. दार बाहेर उघडू दे. बादलीला नळ ठेव. बाकी ताट लावायचं तर लाव. पण त्याआधी एकदा इकडे ये. आंघोळ मी त्याच बाथरूममध्ये करते, आणि कडी मीही लावते, सवयच लागली. चमचा खुंटीवर टॉवेलमागेच आहे. पण ती फट कुठे आहे आणि दांडा किती आत घालायचा, हे माहीत असणाऱ्या तिघांपैकी दोघे गेले, आणि तिसरी रोज सकाळी कडी लावून आत असते. शेखरला फोनवर सांगून समजत नाही, ते हातालाच कळावं लागतं. या रविवारी ये. मी आतून कडी लावून बसते, तू बाहेरून उघडून दाखव.